मेंदू-प्रवाळ : ओळख व संगोपन यांचा इतिहास

समुद्रातील ज्या कठीण प्रवाळांच्या पृष्ठावर मेंदूवरील वळ्यांप्रमाणे नागमोडी वरंबे व त्यांच्यामधून जाणाऱ्या सऱ्या दिसतात, त्यांना मेंदू-प्रवाळ म्हणतात. निडेरिया संघाच्या पुष्पजीव वर्गातील स्क्लेरॅक्टिनिया (अश्म-प्रवाळ) या गणात त्यांचा समावेश होतो. ‘मेंदू-प्रवाळ’ हे वर्गीकरणातील एखाद्या गटाचे नाव नसून ते केवळ रूपसादृश्यावरून पडलेले आहे. अटलांटिक महासागरातील डिप्लोरिया, स्यूडोडिप्लोरिया, कोल्पोफिलिया व मॅनिसिना आणि हिंदी व पॅसिफिक महासागरांतील प्लॅटिजायरा, लेप्टोरिया, गोनिॲस्ट्रिया, फॅव्हायटीस, लोबोफिलिया व ट्रॅकिफिलिया या वंशांतील जातींना सामान्यतः हे नाव देतात. त्यांच्या वसाहती बहुधा घुमटाकार असून त्यांची वाढ अतिशय मंद असते. अनेक जातींत ती वर्षाला काही मिलिमीटरच भरते. म्हणून एक ते दोन मी. व्यासाची वसाहत ही कित्येक पिढ्यांपूर्वी रुजलेली असते.

या प्रवाळांचे ज्ञान दोन निरनिराळ्या वाटांनी वाढत गेले. एक वाट संग्रहालयाची. तीत वाळलेला सांगाडा हाती घेऊन त्याला नाव देण्यात आले. दुसरी वाट पाण्याच्या पात्राची. तीत प्राणी जिवंत ठेवून त्याचे जीवनव्यापार पाहण्यात आले. पहिल्या वाटेने मिळालेली नावे दुसऱ्या वाटेने मिळालेल्या माहितीमुळे अनेकदा बदलावी लागली आणि जो प्राणी नीट ओळखता येत नाही त्याची निगाही नीट राखता येत नाही, हे पुन्हा पुन्हा प्रत्ययास आले. घरगुती जलजीवालयात मेंदू-प्रवाळ जगविण्याची कला या दोन वाटांच्या संगमावर उभी आहे. तिच्यासाठी प्रवाळभित्तींना मोठी किंमत मोजावी लागली. पण आज त्याच कलेचा उपयोग नष्ट होत चाललेल्या जाती वाचविण्याकडे होत आहे.

प्राणी की वनस्पती : अठराव्या शतकापर्यंत प्रवाळाची गणना कधी खनिजांत, तर कधी वनस्पतींत होत असे. इटालियन निसर्गवैज्ञानिक मार्सिली यांनी तांबडा प्रवाळ समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवला असता त्यावर पांढरी ‘फुले’ उमललेली त्यांना दिसली. यावरून प्रवाळ ही वनस्पती असल्याचा समज दृढ झाला. मार्सेल्स येथील वैद्य झां-आंद्रे पेसोनेल (१६९४–१७५९) यांनी तोच प्रयोग अधिक बारकाईने केला. भांडे हलविताच किंवा स्पर्श करताच ही ‘फुले’ मिटतात, असे त्यांच्या ध्यानात आले व ते लहान प्राणी होत, असा निष्कर्ष त्यांनी १७२० नंतरच्या दशकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळविला. रेओम्यूर यांच्यासारख्या मान्यवर वैज्ञानिकास हे मत इतके विचित्र वाटले, की त्यांनी ते अकादमीपुढे मांडताना पेसोनेल यांचे नावही घेतले नाही. पुढे १७४० नंतर ट्रेंब्ली यांचे गोड्या पाण्यातील हायड्रावरील प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर पेसोनेल यांचे मत हळूहळू मान्य झाले. प्रवाळाचे खरे स्वरूप प्रथम कळले ते पाण्याच्या भांड्यात, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

सांगाड्यावरून नामकरण : तरीही पुढील सु. दोनशे वर्षे वर्गीकरणाचा आधार सांगाडा हाच राहिला. दूरच्या सागरातून युरोपात पोहोचेपर्यंत प्रवाळाचा मांसल भाग कुजून जाई आणि उरे ते केवळ कॅल्शियम कार्बोनेटाचे कठीण कवच. लिनीअस (१७०७–७८) यांनी १७५८ मध्ये बहुतेक अश्म-प्रवाळ मॅड्रेपोरा या एकाच वंशात घातले. त्यांनी ‘लॅबिरिंथिफॉर्मिस’ (चक्रव्यूहासारखा) असे जातिनाम दिलेला प्रवाळ म्हणजेच आजचा डिप्लोरिया लॅबिरिंथिफॉर्मिस होय. जॉन एलिस व डॅनिएल सोलँडर यांचा ग्रंथ त्या दोघांच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅटिजायरा डीडॅलिया व लेप्टोरिया फ्रिजिया या आज जलजीवालयांत परिचित असलेल्या जातींचे मूळ वर्णन त्यातच आहे. पुढे लामार्क, अमेरिकेतील जेम्स ड्वाइट डेना आणि फ्रान्समधील मिल्न-एडवर्ड्स व हेम यांनी सांगाड्याच्या सूक्ष्म रचनेवरून वंशांची विभागणी केली.

सांगाड्यात पुढील भाग महत्त्वाचे मानतात : प्रत्येक पॉलिप ज्या पेल्यात बसतो तो चषक, चषकाच्या भिंतीपासून मध्याकडे जाणारे उभे पातळ पडदे म्हणजे पट आणि मध्यभागी असणारी स्तंभिका. सामान्य प्रवाळात एका चषकात एकच पॉलिप असतो. मेंदू-प्रवाळात मात्र पॉलिप विभागले, तरी त्यांच्यामध्ये भिंत तयार होत नाही. त्यामुळे अनेक मुखे एकाच सरीत ओळीने राहतात व सरी लांबत जाऊन वळणे घेते. मेंदूसारख्या रूपाचे कारण एवढेच आहे.

या प्रवाळांवरील पहिल्या सर्वंकष ग्रंथाचे श्रेय एका भारतीय प्राणिवैज्ञानिकाकडे जाते. लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात प्राणिविज्ञानाचे प्राध्यापक असलेले जॉर्ज मथाई यांनी केंब्रिज येथे स्टॅन्ली गार्डिनर यांच्या परंपरेत प्रवाळांचा अभ्यास केला होता. गार्डिनर यांनी १८९९-१९०० मध्ये मालदीव व लक्षद्वीप येथील प्रवाळांचे मोठे संग्रह जमविले होते. मथाई यांनी १९१४ मध्ये पृथक् चषक असणाऱ्या ॲस्ट्रीइडी कुलाचा आढावा प्रसिद्ध केला आणि १९२८ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाच्या प्रवाळसूचीचा सातवा खंड म्हणून नागमोडी सऱ्यांच्या ॲस्ट्रीइडी प्रवाळांवरील ग्रंथ लिहिला. केवळ सांगाड्यावर विसंबून न राहता त्यांनी पॉलिपाच्या मांसल भागाकडे, मुखांच्या संख्येकडे व पॉलिप कसा विभागतो याकडे लक्ष वेधले. वसाहतीच्या निर्मितीवरील त्यांचा निबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत सांगाडा व जिवंत प्राणी यांची सांगड घालण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल होते.

जिवंत प्राण्याचे निरीक्षण : घरात प्रवाळ पाळण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न उष्ण कटिबंधात नव्हे, तर लंडनमध्ये झाला. ॲना थिन (१८०६–६६) यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही लहान एकांडे अश्म-प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरातील मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. पुढे थिन यांनी पात्रात सागरी वनस्पती ठेवल्या. या प्रवाळांना त्यांच्या पात्रात पिले झाली व त्यांचे निरीक्षण १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मधील फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे जलजीवालयाचा छंद सर्वत्र पसरला. थिन यांचे प्रवाळ थंड पाण्यातील होते व त्यांच्या शरीरात शैवले नव्हती. म्हणूनच ते अंधाऱ्या खोलीतही तगले. प्रवाळभित्तीवरील मेंदू-प्रवाळांना हा उपाय पुरणारा नव्हता. पण त्याचे कारण कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

भित्तिकारक प्रवाळांच्या ऊतकांत सूक्ष्म पिंगट एककोशिक शैवले असतात. ब्रँट यांनी १८८१ मध्ये प्राणिशरीरातील अशा शैवलांना झूझँथेला हे नाव दिले. ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेत (१९२८-२९) मॉरिस याँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत प्रवाळांवर प्रयोग केले. प्रवाळ रात्री संस्पर्शक पसरून प्राणिप्लवक पकडतात हे त्यांनी दाखविले. परंतु शैवलांपासून प्रवाळाला अन्न मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो पुढे चुकीचा ठरला. जमेकामध्ये टॉमस गोरो (१९२४–७०) यांनी किरणोत्सर्गी कार्बन व कॅल्शियम वापरून प्रयोग केले. शैवलांनी प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेली संयुगे प्रवाळाकडे जातात व प्रकाशात सांगाड्याची वाढ अंधारापेक्षा पुष्कळ जलद होते, असे १९५९-६० च्या सुमारास सिद्ध झाले. या प्रयोगांत मॅनिसिना अरिओलाटा या कॅरिबियन समुद्रातील लहान मेंदू-प्रवाळाचाही उपयोग करण्यात आला होता. मेंदू-प्रवाळाला प्रकाश व अन्न ही दोन्ही लागतात, हे संगोपनाचे मूलतत्त्व येथे प्रथम पक्के झाले.

जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाने ओळखीचा प्रश्नही वेगळ्या प्रकारे सुटू लागला. जूडिथ लँग यांनी १९७१ मध्ये जमेकातील स्कोलिमिया या एकांड्या प्रवाळाविषयी एक शोध प्रसिद्ध केला. हा वंश मेंदू-प्रवाळांचा निकटचा नातलग आहे. एकाच जातीची रूपे समजले गेलेले दोन प्रवाळ शेजारी ठेवले असता त्यांपैकी एक आपले आंत्रतंतू बाहेर टाकून दुसऱ्याचे ऊतक पचवितो, असे त्यांना आढळले. एकाच जातीच्या प्राण्यांत हे घडत नाही. सांगाडे जे सांगू शकले नव्हते, ते या आक्रमणाने सांगितले व ती रूपे दोन भिन्न जाती ठरल्या. प्रवाळांना शेजार सोसत नाही, हा जलजीवालयातील पहिला नियमही यातूनच स्पष्ट झाला.

न्यू कॅलिडोनियातील नूमेया येथे रेने काताला यांनी १९५६ मध्ये जलजीवालय उभारले. खाडीतील ताजे पाणी सतत खेळवून त्यांनी तेथे जिवंत प्रवाळ राखले. जंबुपार किरणांखाली त्यांतील अनेक प्रवाळ हिरव्या, नारिंगी व तांबड्या रंगांत उजळतात, हे त्यांनी जगापुढे आणले. या प्रतिदीप्तीचा पुढील अध्याय जपानमध्ये लिहिला गेला. ट्रॅकिफिलिया जॉफ्रॉयी या मेंदू-प्रवाळापासून काढलेले हिरवे प्रथिन जांभळ्या प्रकाशात तांबडे होते, असे तेथील संशोधकांना आढळले. २००२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व शरदात लाल होणाऱ्या मॅपल वृक्षावरून त्यास ‘काएदे’ हे नाव मिळाले. जिवंत कोशिकांचा मागोवा घेण्यासाठी आज ते प्रयोगशाळांत वापरले जाते.

घरगुती जलजीवालय : समुद्रापासून दूर, बंद पात्रात प्रवाळ जगविणे हे यानंतरचे पाऊल होते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘निसर्गाची पद्धती’ प्रसिद्ध केली. भित्तीवरील जीवयुक्त खडक, सूर्यप्रकाश व हवेचे बुडबुडे एवढ्याच सामग्रीवर त्यांच्या पात्रात प्रवाळ जगत. समशीतोष्ण देशांत मात्र सूर्यप्रकाश अपुरा पडे. जर्मन भाषिक प्रदेशात पेटर विल्केन्स यांनी १९७३ मध्ये उष्ण समुद्रातील अपृष्ठवंशी प्राण्यांच्या संगोपनावर ग्रंथ लिहिला व बाष्पीभवनाने घटणारे पाणी चुन्याच्या निवळीने भरून काढण्याची पद्धत रूढ केली. निवळीमुळे सांगाड्यास लागणारे कॅल्शियम मिळते व पाण्याची क्षारीयताही टिकते. बर्लिनमधील हौशी मंडळींनी, विशेषतः डिट्रिख श्ट्यूबर यांनी, जिवंत खडक, फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणारे उपकरण व धातु-हॅलाइडाचे प्रखर दिवे यांची सांगड घातली. ही ‘बर्लिन पद्धती’ म्हणून प्रसिद्ध आहे. वॉल्टर एडी यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत १९८० मध्ये बंद अभिसरणाची प्रवाळभित्ती उभारली, तर मोनाको येथे झां झोबेर यांनी जाड वाळूच्या थरावर आधारलेली पद्धती विकसित केली. अमेरिकेत १९८६ पासून जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे आणि पुढे डेल्बीक व स्प्रंग यांच्या १९९४ मधील ग्रंथामुळे हा छंद मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. २०१० नंतर प्रकाशोत्सर्गी द्विप्रस्थी (एलईडी) दिव्यांनी विजेचा खर्च व उष्णता दोन्ही कमी केल्या.

ओळखीची लक्षणे : व्यापारात ‘उघडा मेंदू’ व ‘मिटलेला मेंदू’ अशी ढोबळ विभागणी करतात. ट्रॅकिफिलिया हा ‘उघडा मेंदू’ होय. त्याचा सांगाडा शंक्वाकार असून प्रौढावस्थेत तो खडकाला चिकटलेला नसतो. तो वाळूवर किंवा मऊ तळावर सुटा राहतो. त्याच्या सऱ्या थोड्या व रुंद असतात आणि दिवसा मांसल आवरण फुगून सांगाडा पूर्णपणे झाकला जातो. लोबोफिलियाचे पॉलिप मोठे व मांसल असून पटांच्या कडांवर ठळक दाते असतात. पूर्वी वेगळा मानलेला सिंफिलिया हा वंश २०१६ पासून त्यातच समाविष्ट केला जातो.

‘मिटलेल्या मेंदूं’त सऱ्या अरुंद व वरंबे दोन सऱ्यांना सामाईक असतात. प्लॅटिजायरात स्तंभिका स्पंजासारखी सच्छिद्र व पट खडबडीत असतात. लेप्टोरियात स्तंभिका सरीच्या तळातून उभ्या पातळ भिंतीसारखी जाते आणि सारख्या उंचीचे पट शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे ओळीने लागलेले दिसतात. गोनिॲस्ट्रियात स्तंभिकेभोवती पटांच्या लहान उंचवट्यांचे कडे स्पष्ट असते. फॅव्हायटीसमध्ये चषक बहुभुजाकृती असून शेजारच्या चषकांची भिंत एकच असते; डिप्सॅस्ट्रियात मात्र प्रत्येक चषकाची भिंत स्वतंत्र असून दोहोंमध्ये खाच दिसते. अटलांटिकमधील डिप्लोरिया लॅबिरिंथिफॉर्मिसची खूण म्हणजे त्याच्या रुंद वरंब्याच्या माथ्यावरून जाणारी लांबट खोबण. स्यूडोडिप्लोरियात अशी ठळक खोबण नसते.

ही लक्षणे उपयुक्त असली, तरी ती फसवीही आहेत. दोन महासागरांतील मेंदू-प्रवाळ दिसण्यात सारखे म्हणून ते दीर्घकाळ फॅव्हिइडी या एकाच कुलात ठेवले गेले. फुकामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जननिक द्रव्याच्या तुलनेवरून असे दाखविले, की अटलांटिकमधील अनेक प्रवाळ पॅसिफिकमधील आपल्या ‘सवंगड्यां’पेक्षा परस्परांना अधिक जवळचे आहेत, सारखे रूप स्वतंत्रपणे उद्भवले आहे. त्यानुसार बड व इतर संशोधकांनी २०१२ मध्ये वर्गीकरणाची फेरमांडणी केली. फॅव्हिया हे नाव अटलांटिकमधील जातींपुरते उरले आणि हिंदी व पॅसिफिक महासागरांतील तथाकथित फॅव्हियांना डिप्सॅस्ट्रिया हे नाव आले. अटलांटिकमधील डिप्लोरिया, कोल्पोफिलिया इ. आता म्युसिडी कुलात, प्लॅटिजायरा, फॅव्हायटीस, ट्रॅकिफिलिया इ. मेर्युलिनिडी कुलात आणि लोबोफिलिया लोबोफिलिइडी कुलात मोडतात. त्यामुळे २०१२ पूर्वीच्या ग्रंथांतील नावे वाचताना सावध राहावे लागते.

निगा : जेथे कायद्याची परवानगी आहे तेथे मेंदू-प्रवाळ हे तुलनेने काटक मानतात, पण काटकपणा म्हणजे दुर्लक्ष सोसण्याची शक्ती नव्हे. पाण्याचे तापमान २४° ते २७° से. व लवणता दर हजारी सु. ३५ भाग (विशिष्ट गुरुत्व सु. १.०२५) असावी. लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिग्रॅ., मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिग्रॅ. आणि क्षारीयता ७ ते १० जर्मन अंश राखतात. या मूल्यांपेक्षाही ती स्थिर असणे अधिक महत्त्वाचे असते. अमोनिया व नायट्राइट मुळीच नसावीत. नायट्रेट व फॉस्फेट अल्प असावीत. तथापि ती पूर्णपणे काढून टाकल्यास सहजीवी शैवलांची उपासमार होते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी शुद्ध गोड्या पाण्याने किंवा चुन्याच्या निवळीने भरतात. निवळी तीव्र क्षारीय असल्याने ती थेंबाथेंबाने व शक्यतो रात्री सोडतात.

ट्रॅकिफिलिया वाळूवर, मध्यम प्रकाशात व मंद प्रवाहात ठेवतात. तो खडकावर ठेवल्यास फुगलेले आवरण टोकदार कडेवर घासून फाटते आणि त्या जखमेतून रोग शिरतो. प्लॅटिजायरा, लेप्टोरिया व गोनिॲस्ट्रिया यांना अधिक प्रकाश व जोमदार, पण दिशा बदलणारा प्रवाह मानवतो. नवा प्रवाळ प्रथम मंद प्रकाशात ठेवून काही आठवड्यांत प्रकाश वाढवीत नेतात. रात्री अनेक ‘मिटलेले मेंदू’ लांब दंशक संस्पर्शक बाहेर काढून शेजाऱ्यावर हल्ला करतात. म्हणून दोन वसाहतींत किमान १५ सेंमी. अंतर राखतात. संस्पर्शक बाहेर आलेले असताना आठवड्यातून एकदोनदा कोळंबी किंवा माशाच्या मांसाचा बारीक कीस भरवितात. अधिक अन्न कुजून पाणी बिघडविते. देवमासा या अर्थी नव्हे, तर ‘एंजल’ नावाने विकले जाणारे रंगीत मासे व काही फुलपाखरू-मासे मांसल आवरण कुरतडतात. त्यांची संगत टाळतात.

आवरण दिवसेंदिवस आक्रसून पटांच्या कडा उघड्या पडणे, कडेपासून ऊतक मागे सरकणे, तपकिरी चिकट द्रव साचणे आणि सर्व वसाहत पांढरी पडणे ही धोक्याची लक्षणे होत. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. त्याने शैवले गमावलेली असतात. प्रकाश कमी करून, तापमान पूर्ववत आणून व नियमित अन्न देऊन तो सावरता येतो. समुद्रात हेच तापमान उतरविण्याचा उपाय कोणाच्याही हाती नसतो. १९९८, २०१० व २०१४–१७ या काळांत जगभर प्रवाळांचे विरंजन झाले आणि २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली.

व्यापार व कायदे : बहुतेक मेंदू-प्रवाळ इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया व इतर उष्ण समुद्रांतून गोळा करून विकले जात. झाडाच्या फांदीप्रमाणे वाढणाऱ्या प्रवाळांचे तुकडे करून कलमे करता येतात. परंतु ट्रॅकिफिलियासारख्या मंद वाढीच्या व एकसंध प्राण्याचे असे विभाजन कठीण असते. त्यामुळे व्यापारातील मेंदू-प्रवाळ बहुधा समुद्रातूनच उचललेला असे व अनेक प्रवाळ हौशी लोकांच्या अज्ञानामुळे थोड्याच महिन्यांत मरत. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९० पासून सर्व अश्म-प्रवाळांचा अंतर्भाव आहे. इंडोनेशियाने २०१८ मध्ये निर्यात थांबविली व २०२० मध्ये ती पुन्हा सुरू केली.

भारतात २००१ मध्ये सर्व अश्म-प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. त्यामुळे ते गोळा करणे, विकणे वा घरी बाळगणे येथे निषिद्ध आहे. वाळलेल्या सांगाड्यालाही हा नियम लागू होतो. लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे, मन्नारचे आखात व कच्छचे आखात ही भारतातील प्रवाळांची प्रमुख क्षेत्रे होत. पश्चिम किनाऱ्यावर मालवणसारख्या ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे कासिम व वाफर यांनी १९७९ मध्ये नोंदविले. तेथील परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर फॅव्हायटीस व गोनिॲस्ट्रिया या मेंदू-प्रवाळांच्या लहान वसाहती आढळतात. पावसाळ्यातील गढूळ पाणी व गाळ सोसून त्या टिकल्या आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला मेंदू-प्रवाळ पाहावयाचा असल्यास तो तेथेच, हात न लावता व त्यावर पाय न ठेवता पाहावा.

संवर्धनाकडे : फ्लॉरिडात मायामीजवळ २०१४ मध्ये अश्म-प्रवाळांचा एक घातक रोग उद्भवला. त्यात वसाहतीचे ऊतक काही आठवड्यांत गळून पडते व मागे पांढरा सांगाडा उरतो. डिप्लोरिया, स्यूडोडिप्लोरिया व कोल्पोफिलिया हे मेंदू-प्रवाळ त्यास सर्वांत आधी बळी पडणाऱ्यांपैकी होते. शतकभर वाढलेल्या वसाहती एका हंगामात नाहीशा झाल्या व रोग कॅरिबियन समुद्रात दूरवर पसरला. २०१८ पासून तेथील शासकीय यंत्रणा व सार्वजनिक जलजीवालये यांनी एकत्र येऊन रोगाच्या वाटेवरील निरोगी वसाहती आधीच उचलून जमिनीवरील पात्रांत आणल्या. समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या शहरांतही त्या आज सांभाळल्या जात आहेत. या पात्रांतील फेस काढणारी उपकरणे, दिवे, कॅल्शियमाचे मोजमाप, रात्रीचे भरविणे हे सारे हौशी लोकांनी बर्लिन व इतरत्र घरांच्या बैठकीत घडविलेल्या पद्धतींचेच वारस होत.

पात्रात जगविणे पुरेसे नसून प्रजोत्पादनही घडवून आणणे आवश्यक असते. ग्रेट बॅरिअर रीफवर अनेक जातींचे प्रवाळ वर्षातील मोजक्या रात्री एकाच वेळी अंडी व शुक्राणू सोडतात, हे १९८० नंतरच्या दशकात उघड झाले होते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील जेमी क्रॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद पात्रात ऋतूंप्रमाणे तापमान, दिवसाची लांबी व चांदणे यांचे अनुकरण करून ॲक्रोपोरा प्रवाळांना ठरलेल्या वेळी अंडी घालावयास लावले. ही पद्धती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशाच व्यवस्था फ्लॉरिडातील प्रवाळांसाठीही उभारण्यात आल्या आहेत.

पेसोनेल यांच्या भांड्यापासून सुरू झालेल्या या इतिहासात पात्र कधी प्रयोगशाळा ठरले, कधी शोभेची वस्तू, तर कधी भित्तीवरील लुटीचे निमित्त. आज काही जातींसाठी ते आश्रयस्थान झाले आहे. तथापि पात्र हे समुद्राचा पर्याय नव्हे. त्यात जपलेल्या वसाहती परत रुजावयाच्या, तर त्यांना सोसेल असे पाणी समुद्रात उरावयास हवे.